सखी हाताचा लिफ्टर

बीडला आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात, टेबल टेनिसच्या टेबलामागच्या भिंतीवर एक फोटो आहे. व्हॉलीबॉलची टीम, मधोमध ढाल आणि कडेला टोपी घातलेले काझी सर. खालच्या रांगेत डावीकडून तिसरा, सगळे ढालीला हात लावायला झटत असताना जो बॉल मांडीवर घेऊन बसलाय, तो बिभीषण. त्याच्या पायातले पांढरे बूट माझे आहेत. मी फोटोत नाही. जुनी मंडळी भेटली की अजूनही माझ्या पाठीवर थाप मारतात आणि नव्या पोरांना सांगतात, या अमोलनं फायनलला स्वतःची जागा सोडली, मन लई मोठं. मी खाली बघून हसतो. लोकांना तो विनय वाटतो. खरी गोष्ट अशी की मी त्या माणसावर आतून बाहेरून जळत होतो, आणि आज पुढचे केस गेले तरी ती धग पुरती विझलेली नाही.

ज्यांनी व्हॉलीबॉल रस्त्यावरून जाता जाताच पाहिलाय त्यांना उडी मारून बॉल हाणणारा तेवढा दिसतो. तो स्मॅशर. त्याच्या आधी कोणीतरी तो बॉल नेटजवळ अलगद वर उचलून त्याच्यापुढं ठेवलेला असतो. तो लिफ्टर. टाळ्या स्मॅशरला पडतात, पण टीम चालते लिफ्टरच्या हातावर. आणि टीममध्ये लिफ्टर एकच असतो. दुसरा असला तर तो बाकावर बसतो, टॉवेल सांभाळतो आणि पाण्याच्या बाटल्या भरून आणतो. अकरावीपासून सलग तीन वर्षं आमच्या कॉलेजचा लिफ्टर मी होतो. दुसरा कोणी नव्हताच, त्यामुळे आपण किती चांगले आहोत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

बिभीषण आला जुलैमध्ये. पालीच्या पुढं डोंगरात त्याचं गाव. बी. ए. पहिल्या वर्षाला नाव घातलेलं आणि पायात काही नाही. काझी सरांनी विचारलं, काय खेळतोस. तो म्हणाला, "बॉल उचलून देतो." सर हसले आणि त्याला आत घेतलं. आता कोणीही आधी हात मोकळे करील, चार उड्या मारील. या पठ्ठ्यानं काय केलं, तर एकेकाजवळ गेला आणि त्याच्या डोक्यावर तळहात ठेवला. आशीर्वाद दिल्यासारखा. आमचा मुख्य स्मॅशर शिवा सहा फुटांच्या वर, त्याच्यापुढं तर चवड्यांवर उभा राहिला. पोरं खिदळायला लागली. सगळ्यांची डोकी झाली, माझ्यापाशी आला आणि तसाच पुढं गेला. मला राग आला. मी विचारलं, "माझं मोजायचं न्हाई का बे?"

"तुझं कावून?" तो म्हणाला. "तू तर देणारा. घेणाराचंच मोजावं लागतंय."

तेव्हा मला ते उद्धट वाटलं. आमचे वडील पंचायत समितीचे माजी सभापती, गेवराईत लोक आमच्या जीपला हात करतात, आणि हा डोंगरातून आलेला पोरगा मला चुकवून जातो. पुढं कळलं की त्याला उद्धटपणा येतच नव्हता. जे असेल ते सांगून मोकळा व्हायचा, एवढंच.

दिसायला तसा काहीच नव्हता. बुटका, खांदे थोडे पुढं आलेले, मनगटं मात्र जाडजूड आणि तळहातावर घट्टे. बोलायचा कमी. "हाय की" आणि "न्हाई बा" यावर त्याचा अख्खा दिवस निघायचा. मैदानात आम्ही सगळे बॉलखाली जाताना "माझा, माझा" असं ओरडायचो. ती पद्धतच आहे, दोघं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. बिभीषणनं कधी "माझा" म्हटलं नाही. तो बॉलखाली कधी येऊन उभा राहायचा ते कळायचं नाही, आणि बॉल हातातून सुटताना फक्त "घे" म्हणायचा. तेही हळू, शेजारच्याला तंबाखू द्यावी तसं. स्मॅशरनं बॉल नेटमध्ये घातला तर हा म्हणायचा, माझं चुकलं. बॉल चांगला उचललेला असायचा, मारणाऱ्याचं चुकलेलं असायचं, आणि तरी हा म्हणायचा माझं चुकलं. मी माझ्या स्मॅशरना अशा वेळी शिव्या द्यायचो. आता सांगा, पोरं कोणाकडं जातील.

काझी सर खेळ शिकवताना मराठी बोलायचे आणि मन भरून आलं की उर्दूवर जायचे. एका संध्याकाळी सराव संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर आम्हा दोघांना उभं केलं. माझा हात धरून म्हणाले, "इसका हाथ साफ है." मग बिभीषणचा हात धरला, म्हणाले, "और इसका हाथ सखी है." झालं. पहिला मी हसलो. सखी म्हणजे मैत्रीण, बाईचा हात, नाजूक हात, असा अर्थ आम्ही सगळ्यांनी घेतला. त्या दिवसापासून त्याचं नाव मी सखी पाडलं. सखी आली का, सखी पाणी दे, सखी केस विंचर. चहाच्या टपरीपासून मुलींच्या कॉमन रूमपर्यंत ते नाव मी नेलं. तो "हाय की" म्हणून हसायचा. सर ऐकायचे आणि त्यांनाही चेहरा खुलवून हसताना मी पाहिलंय. मला वाटायचं, सर माझ्या बाजूचे आहेत.

ऑगस्टअखेर अंबाजोगाईला मॅच होती. पहिला सेट आम्ही माझ्या हातावर हरलो. दुसऱ्या सेटला सरांनी माझ्याकडं न बघता बोट बाहेर केलं आणि बिभीषणला आत घेतलं. पुढचे दोन्ही सेट आम्ही जिंकलो. पुढच्या मॅचला सुरुवातीपासूनच तो होता. सरांनी मला काही समजावलं नाही, आणि मी विचारायला गेलो नाही. स्कोअरशीटवर माझ्या नावापुढं "बदली" असं लिहिलेलं मी लांबूनच वाचलं.

मग टपरीवर तुलना सुरू झाल्या. अमोल चांगला का बिभीषण, यावर माणसं चहा थंड करायची. माझ्या बाजूनं बोलणारे होते, नाही असं नाही. ते म्हणायचे अमोलचा बॉल सरळ जातो, अमोलची सर्व्हिस भारी, बिभीषणचे दोन्ही हात एकदम लागत नाहीत. ते मीच त्यांच्या कानात घातलेलं असायचं. मी बाकावर बसून त्याचे अंगठे बघायचो. कधी डबल लागतो, म्हणजे बॉलला हात दोनदा लागतो, कधी पंच शिट्टी मारतो, याची वाट बघत माझी मान अवघडायची. टाळी वाजवायची वेळ आली की नेमका मी बुटाची नाडी बांधायला वाकायचो. घरी खोटं सांगितलं होतं की मीच खेळतोय. वडिलांनी एकदा मॅच बघायला यायचं काढलं, तर मी मॅचच रद्द झाली म्हणालो.

एकदा शिवाला एकटा गाठून विचारलं, की खरं सांग, फरक काय आहे. शिवा भोळा. त्यानं विचार केला, नाक ओढलं आणि म्हणाला, "तुझा बॉल मारावा लागतोय. त्याचा बॉल मारावा वाटतोय."

त्यावर मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. हॉस्टेलच्या मागच्या भिंतीवर बॉल मार मार मारला. बोटं सुजली. हात आणखी साफ झाला, एवढंच.

दिवाळी झाली आणि बिभीषण गायब. आमच्याकडं दिवाळीनंतर गावंच्या गावं ऊसतोडीला जातात, तसा तोही गेला. जाताना कोणाला सांगून गेला नाही. त्याच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. माझी जागा मला परत मिळाली. मी देवापुढं नारळ फोडला, हे आज कबूल करतो. पण पहिल्याच सरावाला लक्षात आलं की मधल्या काळात काहीतरी बिघडलंय. शिवा उडी मारायला क्षणभर थांबत होता. सगळेच थांबत होते. त्यांच्या पायांना बिभीषणच्या बॉलची सवय लागली होती. मी उचलायचो आणि ते त्याच्यासाठी उड्या मारायचे. तो तिथं नसूनही मी त्याचाच बदली होतो.

तरी आम्ही कसेबसे सेमीफायनलपर्यंत आलो. सेमीफायनल, फायनल लागोपाठच्या दोन दिवसांत, बीडलाच. सेमीफायनलच्या दिवशी पहाटेच काझी सरांनी त्यांच्या मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली. बिभीषणची टोळी गेवराईच्या पुढं, गोदावरीच्या काठच्या उसात उतरलीय असं शिवानं शोधून काढलं होतं. तुझा भाग आहे, तूच आण, सर म्हणाले. पोरांनी आधीच सरांना गाठलं होतं, हे त्यांच्या खाली घातलेल्या माना बघून समजलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. जाताना रस्ताभर वाळूचे ट्रक अंगावर येत होते आणि मी मनात एकच म्हणत होतो, की सापडू नये.

सापडला. ट्रॅक्टरची ट्रॉली भरणं चाललं होतं. ट्रॉलीला एक फळी लावलेली, आणि एकेक बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन त्या फळीवरून वर चढत होती. बिभीषण खाली उभा. एक बाई त्याच्यापुढं आली, डोक्यावर चुंबळ ठेवून पाठमोरी उभी राहिली. त्यानं मोळी उचलली, तिच्या डोक्याच्या वर नेली, तिथं एक क्षण धरली आणि मग खाली सोडली. "घे," म्हणाला. तोच आवाज. ती बाई त्याची बायको होती, रुक्मिण. मी मोटारसायकलवरून उतरलोच नाही थोडा वेळ. अंबाजोगाईच्या मॅचमध्ये बघितलेलं सगळं पुन्हा समोर चाललं होतं आणि इथं टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं.

त्याला निरोप सांगितला. त्याचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. टोळीचा मुकादम आला. या लोकांत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमानं मला आमच्या वडिलांच्या नावानं ओळखलं, हात जोडले, पण सोडायला तयार होईना. म्हणाला, "अर्ध्या कोयत्यावर माझी गाडी भरंल का, मालक? दोन दिस न्यायचा तर न्या. पर बदली द्या."

तो शब्द माझ्या चांगलाच ओळखीचा होता.

आता खरं काय ते. मुकादम सोडत नाही असं सरांना जाऊन सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण मग मी खेळलो असतो, शिवा उडी मारायला थांबला असता, आम्ही हरलो असतो आणि सगळं बीड म्हणालं असतं, बिभीषण पाहिजे होता. त्याला नेलं असतं तर मी बाकावर टॉवेल घेऊन बसलो असतो, आणि फायनलला मात्र टाळ्या वाजवाव्याच लागल्या असत्या. ते माझ्यानं झालं नसतं. जिथं आम्हा दोघांची तुलना होणार नाही अशी जागा मी शोधत होतो, आणि मला वाटलं ती सापडली. मी म्हणालो, मी थांबतो. मुकादम बघतच राहिला. मोठं मन ते हेच.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. तो अनवाणी खेळला असता, पण बीडच्या मैदानावर बूट नसले तर पंच आत घेत नाहीत. मी माझे काढून दिले. त्यानं त्याच्या टायरच्या चपला माझ्यापुढं ठेवल्या. नाड्या बांधता बांधता, मान वर न करता तो म्हणाला, "तू बाकावर बसला की माझ्या पाठीला टोचतंय बे. बरं झालं इथं राह्यला." मला वाटत होतं टोचतंय ते फक्त मलाच. तो किक मारून गेला आणि मी हातात कोयता घेऊन उसापुढं उभा राहिलो.

ऊस आमच्याही रानात होता. तो कापताना हजारदा बघितला होता, कापला एकदाही नव्हता. पहिल्या तासात तळहाताला फोड आले. पानांनी मान कापली. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मनात सारखं एकच चाललेलं, की आता वॉर्म अप झाला असेल, आता टॉस. दुपारी ट्रॉली लागली आणि मुकादमानं मला बिभीषणच्या जागी, मोळ्या उचलून द्यायला उभं केलं.

पहिली मोळी रुक्मिणवहिनीची. ती पाठमोरी उभी राहिली. मी मोळी उचलली, ताकदीला कमी नव्हतोच, आणि तिच्या डोक्यावर ठेवली. ती एकदम गुडघ्यात वाकली. सावरली, फळीवरून वर गेली, मोळी टाकून खाली आली. मानेला हात लावून पुन्हा पाठमोरी उभी राहिली. मी दुसरी दिली. ती परत वाकली. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडं तोंड करून उभी राहिली. वय विशीच्या आतबाहेर, बोलताना नजर जमिनीवर. म्हणाली, "भाऊ, टाकू नका. द्या."

आयुष्यात तिनं व्हॉलीबॉल बघितला नव्हता. टपरीवरचे सगळे, शिवा, काझी सर, कोणालाच जे मला कळेल अशा शब्दांत सांगता आलं नव्हतं ते तिनं तीन शब्दांत सांगितलं. बूट काढून पन्नास किलोमीटरवर येऊन लपलो, तर तुलना माझ्या आधी येऊन उसात उभी होती.

मग तिनंच शिकवलं. आधी डोक्याच्या वर न्यायची. तिथं थांबायचं. खालच्याची मान सरळ झाली, पाय घट्ट झाले की मग सोडायची, आणि सोडताना सांगायचं, म्हणजे ती तयार असते. मी म्हणालो, बिभीषणला हे जमतंच, त्याचा हातच तसा आहे. ती पहिल्यांदा हसली. "कशाचा हात," ती म्हणाली. "लग्नाच्या वर्षी ह्येंनी माझी मान पार मोडून ठिवलीती. आठ दिस पडून व्हते. मी शिकीवलं त्येंला. घे म्हणायचं बी मीच सांगितलं."

एवढं ऐकून मला आधी आनंद झाला. म्हणजे देवानं त्याला काही वेगळं दिलेलं नाही, हे शिकता येतं. दुसऱ्या दिवसापर्यंत तो आनंद ओसरला. मलाही शिकवणारे होते, तीन वर्षं होते. पण माझ्या चुकीनं कोणाची मान मोडली नव्हती, फक्त पॉइंट जायचा, आणि मी शिव्या देऊन मोकळा व्हायचो. दुसऱ्या दिवशी माझ्या मोळीखाली ती वाकली नाही. पण ती काही बोललीही नाही, आणि मला तिनं काहीतरी म्हणावं असं फार वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकलचा आवाज आला. बिभीषण आला तो सरळ फडात. कपडे घाम वाळून पांढरे झालेले, गळ्यात हार नाही की काही नाही. बूट बाटलीतल्या पाण्यानं पुसलेले दिसत होते. मुकादमानं विचारलं काय झालं, तर म्हणाला, "जितलो." फायनलला कितीचा सेट, कोण कसं खेळलं, काही नाही. मी विचारलं नाही. शिवाचे हात चांगले लागले, एवढंच तो आपण होऊन म्हणाला. पाठीमागून काझी सर आले होते, रिकाम्या जीपमध्ये, मला न्यायला. तेही उतरून बांधावर उभे राहिले आणि भरणं बघायला लागले. बिभीषणनं बायकोच्या डोक्यावर मोळी दिली तेव्हा सर हळूच म्हणाले, "देखा? सखी." मी थकलेला होतो, पुन्हा हसलो. सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना तेव्हा समजलं की इतके महिने आम्ही कशाला हसत होतो.

"अरे मियाँ," ते म्हणाले, "सखी मतलब जो देता है और गिनता नहीं. दाता. तू रोज त्याला दाता म्हणून हाक मारतोस, मला वाटायचं, पोरगा दिलाचा किती साफ आहे."

मी रुक्मिणवहिनीकडं बघितलं. ती फळीवरून उतरत होती. बाईचा हात हा आम्ही काढलेला अर्थही तसा चुकीचा निघाला नव्हता.

ट्रॉली भरत आली होती, एकदोन मोळ्या उरल्या होत्या. मी चुंबळ उचलली, डोक्यावर ठेवली आणि बिभीषणपुढं पाठमोरा उभा राहिलो. का, ते मला सांगता येत नाही. आम्ही दोघं लिफ्टर, एका वेळी मैदानात कधी नसायचो. त्याचा बॉल शिवाला मिळाला, सगळ्यांना मिळाला, मला कधीच नाही. सहा महिने मला वाटत होतं की मला त्याची जागा पाहिजे.

मागून त्याचा तळहात माझ्या डोक्यावर आला. थोडा वेळ तसाच राहिला. मग मोळी वर गेल्याचा आवाज आला, पाचट घासल्याचा. मी मान सरळ केली. काहीच झालं नाही, मला वाटलं अजून त्यानं सोडलीच नाही.

"घे," तो म्हणाला.

मी चालायला लागलो, फळीवर चढलो. मोळी डोक्यावर असली की मागं वळून बघता येत नाही. डोळे खाली करून बघितलं तेव्हा फळीशेजारी माझे पांढरे बूट तेवढे दिसले. ते मी मागितले नाहीत. त्या वर्षी तो परीक्षेलाही आला नाही आणि पुढं कॉलेजातही नाही, त्यामुळे त्याचं शेवटचं दर्शन म्हणाल तर त्याच दुपारचं. वर जाऊन मोळी टाकली आणि खाली बघितलं, तर माझ्याकडं त्याची पाठ होती. रुक्मिणवहिनी शेवटच्या मोळीसाठी त्याच्यापुढं उभी होती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं नाही, त्याची गरजच नव्हती. तिला हे रोज मिळत होतं, दिवसातून शंभर वेळा. मला त्या बाईचासुद्धा हेवा वाटला.